जोडसायलेन्सर : एक रसग्रहण

काही शब्दांचं आपल्या अर्थाशी फारसं पटत नाही. 'तातडीची सभा' कधी वेळेवर सुरू होत नाही, 'फुल्ल' झालेल्या बसमध्ये आणखी बाराजण चढतात, आणि 'सायलेन्सर' नावाच्या वस्तूसाठी लोक पदरचे पैसे मोजतात ते चांगला दणदणीत आवाज यावा म्हणून! आवाज गप्प करायला ज्याला नेमलं त्यालाच आपण गायला बसवलं. त्यातही एकट्याला नव्हे, जोडीनं. गाडीच्या पार्श्वभागी डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा दोन चकचकीत नळ्या निघतात. दुकानदार त्याला 'ड्युअल' म्हणतो आणि किंमतही ड्युअल सांगतो.

कवितेपासून हापूस आंब्यापर्यंत सगळ्यावर आपल्याकडे टीका लिहून झाली आहे. सायलेन्सरकडे मात्र समीक्षकांचं दुर्लक्ष झालं. वास्तविक घोडबंदर रोडला राहणाऱ्या माणसाला ही कला रोज रात्री फुकट, घरबसल्या आणि इच्छा नसताना ऐकायला मिळते. माझा भाचा नोकरीनिमित्त आमच्याकडे राहतो. त्यानं बाराशे सीसीची, चार सिलिंडरची, सेकंडहँड हॅचबॅक घेतली आणि महिन्याभरात तिला जोडसायलेन्सर बसवला. प्रस्तुत रसग्रहण त्या कलाकृतीचं.

प्रथम निवडीविषयी. जोडसायलेन्सर तीन जातींचे असतात. पहिली जात निव्वळ दागिन्याची. मूळची नळी आपल्या जागी धूर सोडत असते आणि बंपरखाली दोन स्टीलची तोंडं नुसती स्क्रूनं बसवलेली असतात. लग्नाच्या बँडमध्ये पिपाणी नुसती तोंडाला लावून चालणारे दोघंतिघं असतात ना, त्यांतलाच प्रकार. निरुपद्रवी. दुसऱ्या जातीत इंजिनाकडून एकच नळी मागं येते आणि शेवटच्या हातभर अंतरात तिला दोन फाटे फुटतात. तिसरी जात खानदानी. इंजिनापासून शेपटापर्यंत दोन स्वतंत्र नळ्या.

हे खानदान मूळचं व्ही-आठ इंजिनाचं. त्यात चार सिलिंडर एका ओळीत आणि चार समोरच्या ओळीत असतात. दोन ओळींचा धूर दोन बाजूंनी निघतो, तेव्हा नळ्याही दोन असणं ओघानंच आलं. फोर्डनं १९३२ साली व्ही-आठ इंजिन सामान्य अमेरिकन गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आणलं. आपल्याकडे ते वैभव आमच्या पिढीनं पाहिलं ते मुख्यतः हिंदी सिनेमातल्या इम्पालांमधून. दोन चुली, दोन धुराडी. हिशेब सरळ आहे.

भाच्याच्या गाडीत मात्र चारही सिलिंडर एकाच ओळीत, आणि ते धूर सोडतात पाळीपाळीनं. एकाचं झालं की दुसरा. चाळीतल्या चार भावांनी एकाच मोरीत नंबर लावून आंघोळ करावी तसं. नंबर सुरळीत लागत असताना शेजारी दुसरी मोरी बांधली, तर कुणाची आंघोळ लवकर होत नाही. बांधकामाचा खर्च तेवढा होतो.

"मामा, इंजिनाला श्वास मोकळा मिळतो," भाच्याचं म्हणणं.

यात अगदीच तथ्य नाही असं नव्हे. इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्या घेत असेल तर धुराच्या वाटेतला अडथळा कमी केल्यानं ताकद थोडी वाढते. पण नळी प्रमाणाबाहेर रुंद झाली की धुराचा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांना गाडीची ओढ घटते. आणि घोडबंदर रोडवर आमचा सारा संसार कमी फेऱ्यांचाच आहे!

आता बसवण्याविषयी. गाडी गॅरेजात उंच टांगली. गंजलेले बोल्ट निघेनात म्हणून कटरनं कापले. दुसऱ्या बाजूला डबा बसवायचा तर स्टेपनीची खोबण आडवी आली. मग नळी तिच्या खालून फिरवली, त्यामुळं ती जमिनीच्या अंमळ जास्तच जवळ आली आणि सोसायटीच्या गतिरोधकाची व तिची आता रोज गाठ पडते. बंपर कापला, वेल्डिंग झालं, रबरी हँगरवर सगळं लोंबकळलं. मिस्त्री म्हणाला, "कॅटॅलिटिकची जाळीपण काढू का शेठ? आवाज खुलेल." ही जाळी धुरातल्या विषारी वायूंना बरंचसं निरुपद्रवी करते. भाच्यानं ती काढू दिली नाही. हा गुण टीकाकारानं नोंदवलाच पाहिजे. जुना सायलेन्सर मात्र त्याच संध्याकाळी गॅरेजवाल्यानं भंगारात घातला, ही गोष्ट पुढं महत्त्वाची ठरली.

आता खुद्द गायन. मूळच्या सायलेन्सरच्या पोटात कप्पे असतात. आवाजाच्या लाटा त्यांतून उलटसुलट फिरून एकमेकींना खोडून काढतात, संयुक्त कुटुंबातल्या तक्रारींसारख्या. नव्या डब्यात एक सरळ भोकाभोकांची नळी आणि तिच्याभोवती काचेची लोकर. ती थोडा आवाज शोषते, बाकीचा जनतेला अर्पण. गाडी जागच्या जागी नऊशे फेऱ्यांवर घुरघुरते तेव्हा सेकंदाला तीस ठोके पडतात. हा आलाप. तीन हजार फेऱ्यांना सेकंदाला शंभर ठोके पडतात. ही तान. कलावंताच्या तयारीबद्दल माझी शंका नाही. प्रश्न आहे तो मैफलीच्या जागेचा.

कापूरबावडी सोडली की मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली अशी स्टेशनं घेत आमची वाहतूक गायमुखाकडे सरकते. मध्ये मेट्रोचे खांब, बाजूला खड्डे, आणि पुढं उरणच्या बंदराकडून गुजरातकडे निघालेले कंटेनर. त्यांतला एखादा गायमुखच्या चढावर बसला की मागचा सगळा रस्ता बसतो. एके काळी इथल्या बंदरात अरबी घोडे उतरत, त्यावरून घोडबंदर हे नाव पडलं म्हणतात. आज भाच्याच्या ऐंशी-एक अश्वशक्ती त्याच वाटेवर तास-तास तबेल्यात बांधल्यासारख्या उभ्या असतात. द्रुत लय येतच नाही. नुसताच आलाप!

आणि इथंच मला या कलेचं मर्म सापडलं. वेग मिळत नाही म्हणून माणसं वेगाचा आवाज विकत घेतात. पंगतीत जिलबी संपली की निदान तिचा वास तरी घ्यावा, तसं आहे ते. भाचा दिवसाचे तीन तास रस्त्यावर काढतो, पगारातला मोठा हिस्सा हप्त्यात घालतो, आणि गाडी चालते पायी जाणाऱ्याच्या चालीनं. त्यानं ॲक्सिलरेटर दाबून एकदा गुरगुरून घेतलं तर मला त्याचा राग येत नाही. पण हा वास जिलबीसारखा आपल्या पानापुरता राहत नाही, शेजारच्याच्या पानात शिरतो.

आमची पार्किंगची जागा इमारतीच्या खाली, खांबांच्या मधे. वर सिमेंटची स्लॅब, खाली फरशी. तिथं शिंकलं तरी दुसऱ्या मजल्यावरून "कोण?" विचारतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागाला रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल एवढीच मर्यादा दिली आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १९० तर आवाजापायी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स बंद, इथवर जातं. पोलिसांनी बुलेटचे सायलेन्सर रोलरखाली चिरडल्याची छायाचित्रं आपण पाहिलीच आहेत. मी हे सगळं भाच्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मामा, पकडतात बुलेटवाल्यांना."

कायद्यानं जे झालं नाही ते पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी केलं. त्यांची पहिली पाळी. पहाटे साडेचारला उठायचं, म्हणून नवालाच निजतात. एका रविवारी त्या आमच्याकडे आल्या. आवाज चढवला नाही. भाच्याला म्हणाल्या, "दादा, तुमची गाडी अकराला येते. मग मला दोनपर्यंत डोळा लागत नाही. सकाळी लहान मुलांच्या वॉर्डात शीर शोधायची असते हो. एवढ्याशा हाताची. पहिल्यांदा चुकली की पोर पुन्हा टोचून घ्यावं लागतं." एवढं बोलून, चहा न घेता गेल्या.

भाचा बराच वेळ गॅलरीत उभा होता. दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला. वापरलेला माल परत घेत नाहीत. मूळचा सायलेन्सर भंगारात गेलेला. नवा घ्यायला पगार होईपर्यंत थांबणं आलं.

तेव्हा तूर्त व्यवस्था अशी आहे : रात्री अकराला भाचा फाटकाशी इंजिन बंद करतो. स्टिअरिंगला एक हात लावून तो आणि मागून वॉचमन अशा दोघांनी मिळून ऐंशी अश्वशक्तीची गाडी ढकलत पार्किंगमध्ये आणायची. चाकांची थोडी करकर होते, वॉचमनचा श्वास ऐकू येतो. पहिल्या मजल्यावरचा दिवा लागत नाही.

दोन नळ्यांनी मिळून सायलेन्सर या नावाला जागण्याची दिवसातली ती पाच मिनिटं. माझ्या मते त्यांची सर्वोत्तम कामगिरी तीच.