गाणं ऐकणाऱ्यांचा फोटो

गाणं ऐकण्यासाठी गाव गाठणं आपल्याला काही नवं नाही. डिसेंबर आला की 'सवाई गंधर्व'साठी पुण्याची तिकिटं काढणारे आपल्या मंडळातच चार-पाच जण निघतील. मी त्याच जातीचा. फरक इतकाच की या देशात बरीच वर्षं काढल्यावर मला जॅझचाही नाद लागला आणि गळ्यात कॅमेरा आधीपासून होताच. नायगारा आणि डिस्ने एकदाचं उरकल्यावर आमच्या सुट्ट्या न्यू ऑर्लीन्स, शिकागो, कॅन्सस सिटी अशा वळणाला लागल्या. ("तिथे बघायचं काय?" हा सौ.चा प्रश्न. तो रास्त होता, हे मला पुढे कळलं.)

या भटकंतीत एका पुस्तकाने माझी पाठ सोडलेली नाही. 'जॅझ लाइफ' हे त्याचं नाव. १९६० साली योआखिम बेरेन्ट हा जर्मन जॅझ-समीक्षक आणि विल्यम क्लॅक्स्टन हा कॅलिफोर्नियाचा छायाचित्रकार, असे दोघे भाड्याच्या मोटारीतून अमेरिकाभर हिंडले. जिथे जिथे हे संगीत वाजतं तिथे जायचं, एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने टिपायचं, एवढाच बेत. पुस्तक पुढल्याच वर्षी जर्मनीत निघालं. २००५ मध्ये त्याची जी भव्य आवृत्ती आली ती आमच्या गावच्या लायब्ररीत आहे आणि उचलायला दोन हात लागतात. हाच बेरेन्ट पुढे आपल्या नादाच्या कल्पनेने इतका भारावला की १९८३च्या त्याच्या पुस्तकाचं नावच 'नादब्रह्म' आहे.

पुस्तकाचं मोठेपण आधी सांगतो, कारण भांडण नंतर करायचं आहे. क्लॅक्स्टन नुसता रंगमंचासमोर उभा राहिला नाही. त्याने संगीत जिथे राहतं तिथे कॅमेरा नेला. डोनाल्ड बर्ड न्यूयॉर्कच्या भुयारी गाडीत बसून ट्रम्पेट वाजवतो आहे, हा फोटो एकदा पाहिला की त्या गाडीने प्रवास करताना कान टवकारले जातात. रस्त्यावरचे बँड आहेत. लुइझियानातल्या अँगोला तुरुंगातले वाजवणारे कैदीही आहेत. शहर आणि सूर वेगळे काढता येत नाहीत, हे तो न बोलता पटवतो.

आता भांडण. क्लॅक्स्टनची माणसं फार देखणी आहेत. प्रकाश नेमका पडलेला, घामसुद्धा शोभून दिसणारा. रेकॉर्डच्या वेष्टनांसाठी फोटो काढून घडलेला त्याचा हात, चेट बेकरला ज्याने नटासारखं रूप दिलं तोच. तो कुरूपतेपाशी थांबायला तयार नाही. १९६० साली याच न्यू ऑर्लीन्समध्ये रूबी ब्रिजेस या सहा वर्षांच्या काळ्या मुलीला गोऱ्यांच्या शाळेत जायला केंद्र सरकारच्या मार्शलांचा पहारा लागला. हे नोव्हेंबरातलं, त्यामुळे तो प्रसंग पुस्तकात नाही याबद्दल तक्रार नाही. पण ती हवा त्या शहरात असणारच, आणि ती मला त्याच्या फोटोंत फारशी लागत नाही. परक्या पाहुण्याला यजमानाचं घर नेहमीच छान दिसतं. आपल्यालाही दिसतंच की!

२०२२च्या नोव्हेंबरात मी हे पुस्तक मनात धरून न्यू ऑर्लीन्सला गेलो. लुई आर्मस्ट्राँगचं जन्मघर १९६४ मध्येच पाडलेलं. त्याला पोरवयात कामाला ठेवून आपल्यात जेवू घालणाऱ्या कार्नोफ्स्की कुटुंबाचं दुकान साऊथ रॅम्पार्ट स्ट्रीटवर उभं होतं, ते २०२१च्या आयडा वादळात कोसळलं. मी मोकळ्या जागेचा फोटो काढला. सौ.ने विचारलं, "हा कसला?" मला धड सांगता येईना.

रविवारी 'सेकंड लाइन' निघाली. पुढे मंडळाचे लोक आणि बँड, मागे नाचत चाललेलं गाव. आपल्या विसर्जनाची आठवण यावी असा थाट. मिरवणूक क्लेबोर्न अॅव्हेन्यूवरच्या पुलाखाली शिरली. तिथे पूर्वी ओकच्या झाडांच्या रांगा होत्या. काळ्या वस्तीचा तो हमरस्ता. १९६६ मध्ये झाडं तोडून डोक्यावर महामार्ग आणला. पण त्या काँक्रीटखाली पितळी वाद्यांचा आवाज असा घुमतो की बँडवाले तिथे मुद्दाम जोर लावतात. मी ट्रम्पेटवाल्याच्या तोंडासमोर उलटा चालत फोटो काढत होतो. बर्फातल्या बाटल्यांची गाडी ढकलणारा एक म्हातारा मला म्हणाला, "नाच तरी, नाहीतर वाटेतून बाजूला हो." बाजूला झालो. रात्री हॉटेलवर पाहिलं तर दोनशेच्यावर फोटो. सगळ्यांत पितळ चकाकतंय आणि गाव कुठेही नाही.

तेव्हा मला आर्ट केनचा १९५८चा फोटो आठवला. हार्लेममध्ये १२६व्या रस्त्यावर, एका घराच्या पायऱ्यांवर आणि फुटपाथवर जमलेले ५७ जॅझ कलाकार. केन तेव्हा छायाचित्रकार म्हणून अगदीच नवखा होता. कलाकारांना रांगेत उभं करणं त्याला नीट जमलं नाही आणि वस्तीतली पोरं येऊन फुटपाथच्या कडेला बसली. त्या पोरांमुळे तो फोटो मला क्लॅक्स्टनच्या सगळ्या पुस्तकापेक्षा खरा वाटतो. पंडित मंडळी कोणाच्या दारात उभी आहेत, हे त्यात दिसतं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आपल्याच मंडळातलं आहे. गेल्या हिवाळ्यात आपले काका गेले. भारतातून आलेल्या प्रत्येक गवयाला विमानतळावरून आणणारे, तळघरात तंबोरे लावताना आल्याचा चहा नेऊन देणारे, आणि मग शेवटच्या रांगेत खांबाला टेकून डोळे मिटून बसणारे. शोकसभेसाठी फोटो हवा म्हणून काकूंनी मला फोन केला, "तुम्हीच तर दरवेळी काढायचात." बावीस वर्षांचे खोके आणि डिस्का उपसल्या. समई आहे, शाल-श्रीफळ आहे, ताना घेणारे हात आहेत, माईकमागचे चेहरे आहेत. एका फोटोत अध्यक्षांच्या मागे चहाचा ट्रे धरलेलं एक कोपर आहे. स्वेटरवरून काकूंनी ओळखलं.

शेवटी ड्रायव्हिंग लायसन्सवरचा फोटो मोठा करून लावला.