एका वस्तऱ्याचे परीक्षण

परीक्षण फक्त पुस्तकाचंच करावं असा रिझर्व्ह बँकेचा काही नियम नाही. असता, तर त्याचं परिपत्रक आमच्या ब्रँचच्या फाइलीत तीनदा लावलेलं मी पाहिलं असतं. म्हणून आज मी एका नव्या वस्तऱ्याचं परीक्षण करणार आहे. मी बी.कॉम. आहे, सौंदर्यशास्त्र मला विषय म्हणून नव्हतं. पण पुष्कळसे समीक्षक पुस्तक न वाचता लिहितात. मी निदान हा वस्तरा गालावर फिरवून मगच लेखणी उचलली आहे.

आधी बहिरंग. पेटीला आतून मखमल. मूठ काळ्या लाकडाची. पातं इतकं लखलखीत, की त्यात बघूनच दाढी करावी. सोबतच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलेलं : 'दाढीसाठी पूर्णपणे तयार.' कंपनीचं नाव मी सांगणार नाही. तिलाही बिचारीला पोट आहे.

आता अंतरंग. या वस्तऱ्याने कागद सुरेख कापला. आमच्या सौभाग्यवतींनी त्याने टोमॅटो चिरला, तोही सुरेख. (तो टोमॅटो मीच खावा, असा नंतर ठराव झाला.) दाढीला लावल्यावर मात्र गालावरचे केस कापले गेले नाहीत. ते एकेक करून, मुळासकट, जणू विनंतीला मान देऊन बाहेर येऊ लागले. डाव्या गालावर तीन इंच मजल मारली तोवर डोळ्यांतून पाणी. लेखकाने वाचकाला रडवावं हे मान्य. वस्तऱ्याने रडवणं हा रसभंग आहे.

दोष पोलादाचा नव्हे. दोष त्या 'पूर्णपणे तयार' या तीन इंचांनी खोट्या ठरलेल्या वाक्याचा. कारखान्यात पातं फिरत्या चाकावर घासतात, मग झिलई देतात. झिलई डोळ्यांसाठी असते, धार कातडीसाठी, आणि दुकानाच्या काचेतून कातडीला काही कळत नाही. चाकावरून निघालेल्या धारेच्या अगदी टोकाला करवतीसारखे दाते राहतात, पोलादाची बारीक मिशी राहते. ती डोळ्यांना दिसत नाही. मिशीने दाढी करायची म्हणजे भाऊबंदकीच.

हे मला कळलं आमच्या गल्लीतल्या मामांकडून. मामा सलून चालवतात. पण गेली पस्तीस वर्षं त्यांच्याही हातात अर्धं ब्लेड मोडून घालायचा वस्तराच आहे. 1986 साली आपल्या देशात एड्सच्या विषाणूची लागण पहिल्यांदा आढळली, रक्तातून पसरणाऱ्या काविळीचीही धास्ती होतीच, आणि दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड हा शिरस्ता पडला. हे उत्तमच झालं. त्याविरुद्ध मी चकार शब्द लिहिणार नाही. मात्र त्या दिवसापासून धोकटीतली सहाण तळाशी गेली ती गेली. मामांच्या मुलाला केस बारा तऱ्हेने कापता येतात. सहाण कुठल्या बाजूने धरायची ते त्याला ठाऊक नाही. ठाऊक असायचं कारणही नाही. त्याला पगार झिलईचा मिळतो.

मामांनी वस्तरा उजेडाकडे धरला. "साहेब, धारेवर पांढरी रेघ चमकते बघा. धार दिसली म्हणजे धार नाही." मराठी समीक्षेत इतकं नेमकं वाक्य माझ्या वाचनात नाही. खऱ्या तीक्ष्ण कडेवर उजेड ठरायला जागाच नसते.

बाजारात हल्ली सहाणा आकड्यांवर मिळतात : एक हजार, चार हजार, आठ हजार, बारा हजार. आकडा मोठा तितका दगड मऊ आणि बारीक कणांचा. (आमच्याकडे ठेवींचंही असंच, आकडा मोठा तितका मॅनेजरचा आवाज मऊ.) नव्या वस्तऱ्याला खरखरीत दगड लागत नाही, कारण धारेचा उतार कारखान्याने पाडलेला असतो. फक्त शेवटची बारीक सहाण. मामांनी तिच्यावर पाणी टाकलं, पातं आडवं ठेवलं, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली. वस्तऱ्याची पाठ जाड का असते, ते तेव्हा समजलं. पाठ टेकलेली ठेवली की कोन आपोआप ठरतो. मग धार पुढे करून, दगडावरून सायीचा पापुद्रा काढावा तसं, जोर न देता. जोर दिला की मिशी पुन्हा उगवते. त्यानंतर ताणलेला चामड्याचा पट्टा, आणि तिथे उलट : पाठ पुढे, धार मागे, वळवताना पाठीवरून वळवायचं. पट्टा सैल धरला तर केलेली धार गोल होते.

अर्ध्या तासाने मामांनी स्वतःच्या मनगटावरचा एक केस पात्यावर टेकवला. केस पडला. आवाज नाही, विनंती नाही.

आता समीक्षकाचं मत. सेना न्हाव्यांच्या प्रसिद्ध अभंगात आरसा आहे, चिमटा आहे, पाणी आहे, नखं काढणंसुद्धा आहे. वस्तऱ्याचं नाव नाही. पूर्वी मला ही उणीव वाटे. आता वाटतं, धार आहे हे न्हाव्याने सांगायचंच नसतं. आणि आमचं संगमनेर तर अनंत फंदींचं गाव. 1744 ते 1819 हा त्यांचा काळ. तमाशातल्या या शाहिराला कीर्तनाकडे वळवलं ते अहिल्याबाई होळकरांनी, अशी आख्यायिका आहे; त्याच अहिल्याबाईंचं नाव आता आमच्या जिल्ह्याला आहे. पोलाद फंदींचंच होतं. बाईंनी दगडावर फक्त दोन हात फिरवले.

वस्तऱ्याला मी दहापैकी आठ गुण देतो, कागदाला शून्य. रोज दाढीआधी पट्ट्यावर पन्नास फेऱ्या, दाढीनंतर पातं कोरडं पुसून खोबरेल तेलाचं बोट, नाहीतर प्रवरेला पाणी वाढलं की हवेनेच गंज धरतो. सगळं मिळून पंचवीस मिनिटं लागतात. ती उशिराच्या रजिस्टरात कोणत्या कारणाखाली लिहायची, यावर हेडक्लार्कांशी बोलणी चालू आहेत.