पेटीवादकाची निवड

वाद्यावर हात बसेपर्यंत काय वाजवावें हा प्रश्न शिष्यास पडत नाहीं. त्याची चिंता गुरु वाहतो. हात बसला आणि गुरु बाजूस झाले, म्हणजे तोच प्रश्न शिष्याच्या दारीं येऊन उभा राहतो, व त्याचें उत्तर देतांना भले भले वादक चुकतात.

गेल्या हिवाळ्यांत वर्ध्याजवळच्या देवळी गांवीं एका स्नेह्यांच्या घरीं आम्हीं अशाच एका हार्मोनियमवादकाचें वादन ऐकलें. बाळपण भजनी मंडळांत गेलेलें, पुढें रीतसर तालीम झालेली, वीस वर्षांची मेहनत पाठीशीं. त्यांनीं प्रथम दरबारी कानडा वाजविला, नंतर एक अनवट जोडराग, आणि शेवटीं अतिद्रुत लयींत तानांचा पाऊस पाडला. मंडळी खूष झाली. बैठक आटोपल्यावर त्यांनीं आम्हांस विचारलें, "प्रोफेसरसाहेब, येतें तें सारें वाजवून झालें. आतां नवें काय घेऊं?" आम्हीं त्या वेळीं कांहींतरी गुळमुळीत बोलून सुटका करून घेतली. प्रश्न मात्र सुटला नाहीं. एक राग अंगीं मुरावयास दोनतीन वर्षें लागतात असें धरलें, तर चाळिशी उलटलेल्या वादकाच्या हातीं अशा कितीशा निवडी उरतात? आठ, फार तर दहा. त्यांतील प्रत्येक चूक महाग पडते.

पियानोवादकासही ही पंचाईत पडते, पण ती घर भरलेलें असल्यामुळें. बाखच्या दोन भागांतील ४८ जोडरचना, बेथोव्हेनचे ३२ सोनाटा, शोपँच्या १८३३ व १८३७ सालीं छापलेल्या अभ्यासरचना, बार्टोकच्या सोप्यापासून कठिणापर्यंत चढत जाणाऱ्या १५३ रचना. इतका ऐवज समोर असतां काय घ्यावें आणि काय सोडावें! आम्हांस महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळी आहे. पियानोंतही मींड निघत नाहीं. शिवाय आघात होतांच त्याचा स्वर विझूं लागतो. हें वैगुण्य त्या रचनाकारांनीं लपविलें नाहीं, तें हिशोबांत धरून त्यांनीं लिहिलें. शोपँच्या संथ रचनांत डावा हात खालीं स्वरांचें जाळें विणीत राहतो, पायाखालच्या पट्टीनें तें घुमत ठेविलें जातें, आणि त्यावर उजव्या हाताचा विझूं पाहणारा स्वर तरंगतो. बाखनें तर एका गळ्यास जें कधींच साधावयाचें नाहीं, तें, म्हणजे तीनचार स्वरपंक्तींचें एकाच वेळचें संभाषण, दहा बोटांकडून करविलें.

आमच्या पेटीचें दैव वेगळें. पॅरिसच्या दबेननें १८४० त पेटंट घेतलेलें हें वाद्य इकडे आलें. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांसारख्या कारागिरांनीं त्याचा भाता पायांकडून हाताकडे आणिला, आणि तें भारतीय बैठकींत बसलें. महाराष्ट्रांत नाटक, कीर्तन, भजन व मैफल या चारी ठिकाणीं तें रुजलें, पण रुजलें तें साथीचें वाद्य म्हणून. साथीदाराचा संग्रह गवयाच्या संग्रहाची सावली असते. तशांत ऑल इंडिया रेडिओनें १ मार्च १९४० पासून पेटीस बंदी केली. ती सैल व्हावयास १९७१ साल उजाडावें लागलें. मींड नाहीं आणि स्वर समान अंतरांनीं बांधलेले, हा तिच्यावरील आरोप अगदींच खोटा नव्हता. त्यास उत्तर द्यावयाचें तें रडून नव्हे, वाजवून, हें गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५), पी. मधुकर, त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर, आणि आपल्या वाद्यास 'संवादिनी' म्हणविणारे आमच्या नागपूरचे मनोहर चिमोटे (१९२९–२०१२) यांनीं स्वतंत्र वादनानें दाखवून दिलें.

आतां देवळीच्या बैठकीकडे वळूं. दरबारीचा प्राण त्याच्या आंदोलित गांधारांत आहे. पेटीच्या पट्टीवर तो गांधार एका जागीं खिळलेला. बोट कितीही थरथरविलें तरी तो डोलावयाचा नाहीं. यावर कोणी म्हणतील, पेटी दरबारीची साथ तर उत्तम करते. खरें आहे; पण तेथें गांधार गवयाच्या गळ्यांत असतो, पेटी त्याकडे बोट दाखविते. गवई उठून गेला कीं बोट उरतें, गांधार उरत नाहीं. वादकानें दरबारी अवश्य शिकावा, गळ्यानें घोकावा; त्यानें कान शहाणा होतो. लोकांपुढें मांडावयास मात्र तो निवडूं नये.

अनवट रागांची गोष्ट थोडीशी अशीच. अशा रागाची ओळख दोन रागांच्या सांध्यांत असते, आणि ते सांधे गळ्यानें मऊ करावयाचे असतात. पेटीवर पुष्कळदां ठिगळें दिसूं लागतात. राग दुर्मिळ असला म्हणजे वादन नवें झालें, हा भ्रम आहे. आणि वेग? वेग हें तयारीचें प्रमाणपत्र होय. तें एकदां दाखवून खिशांत ठेवावें.

मग घ्यावें काय? जेथें एका स्वरावरून दुसऱ्यावर स्वच्छ पाऊल टाकणें हेंच सौंदर्य आहे, तें घ्यावें. कर्नाटकांतून आलेले हंसध्वनि व किरवाणी या दृष्टीनें पेटीस मानवतात. झपताल-रूपकांतील गती घ्याव्या. लयीचा लपंडाव पट्ट्यांवर जितका स्पष्ट उमटतो तितका गळ्यांतून क्वचित्. 'मानापमाना'ची (१९११) पदें घ्यावींत. त्यांच्या चाली टेंबे यांच्या, म्हणजे ज्याचीं बोटें पेटीवर वाढलीं त्याच्या. आणि या सर्वांहून अधिक लक्ष डाव्या हाताकडे द्यावें. पियानोचा स्वर एकदां सुटला कीं बोटाच्या ताब्यांत राहत नाहीं. पेटीचा स्वर भाता हालतो तोंवर जिवंत असतो, फुगवितां येतो, अगदीं कुजबुजीपर्यंत आणतां येतो. ही दौलत पियानोपाशीं नाहीं. जी चीज ही दौलत खर्चावयास लावील, ती निवडावी.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्या रात्रीं मंडळी जोडे शोधीत असतां ते गृहस्थ पेटी बंद करण्यापूर्वीं सहज एक जुनी भजनाची चाल वाजवीत होते. लय संथ, तान एकही नाहीं. भाता मात्र माणसाच्या श्वासासारखा चाललेला. दारांत उभे असलेले आम्ही दोघेतिघे पुन्हा आंत येऊन बसलों. त्यांच्या तें ध्यानींही नव्हतें. प्रश्न विचारला तो त्यानंतर. उत्तर त्यांच्या डाव्या हातानें आधींच दिलें होतें. नव्या संग्रहाचा आरंभ त्यांनीं त्या चालीपासून करावा, आणि पुढील बैठकींत ती शेवटीं न वाजवितां प्रथम वाजवावी, अशी आमची त्यांस आग्रहाची सूचना आहे.