करीन्यापासून कुलवृत्तांतापर्यंत : वंशावळीच्या वाचनाचा प्रश्न

१

कुलवृत्तांत हा मराठी गद्यातील एक विपुल, पण समीक्षेने जवळजवळ न वाचलेला लेखनप्रकार आहे. बखर, चरित्र, आत्मचरित्र यांच्या रूपाची आणि निवेदनपद्धतीची चर्चा मराठीत बरीच झाली. कुलवृत्तांताच्या वाट्याला मात्र ग्रंथालयाचा संदर्भविभाग आणि त्या त्या कुळातील मंडळींची घरे एवढेच आले. त्याचा लेखक, वाचक आणि विषय हे तिन्ही एकाच आडनावाचे असल्यामुळे तो खाजगी व्यवहार मानला गेला. परंतु माहितीच्या संकलनालाही रूप असते आणि त्या रूपामागे काही गृहीतके असतात. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांची संख्या आज वाढली आहे आणि त्या शोधाला हौसेपलीकडचे, थेट हक्काशी जोडलेले प्रयोजनही प्राप्त झाले आहे. अशा वेळी ही गृहीतके तपासून पाहणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात ती तपासणी सोलापूर आणि त्याच्या आसमंतातील सामग्रीच्या आधारे करावयाची आहे. ज्या प्रदेशात कुलवृत्तांताचा रूढ साचा सहजी बसत नाही, तेथेच त्या साच्याची घडण अधिक स्पष्ट दिसते.

हा साचा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, प्रामुख्याने चित्पावन घराण्यांनी रूढ केला. आरंभी गोत्र, कुलस्वामी आणि मूळ गाव, मग मूळपुरुष, त्यानंतर शाखा, शाखांतील घराणी आणि पिढ्यांच्या क्रमांकांनुसार व्यक्तिनोंदी. प्रत्येक नोंदीत जन्म, शिक्षण, नोकरी वा व्यवसाय, पत्नीचे माहेरचे नाव, मुलगे, आणि मुली कोणाकडे दिल्या त्याचा उल्लेख. स्त्री या संहितेत विवाहाने प्रवेश करते किंवा विवाहाने संहितेबाहेर जाते. दोन्ही घरांच्या कुलवृत्तांतांत मिळूनही तिचे सलग आयुष्य सापडत नाही. निवेदक तृतीयपुरुषी, निर्विकार आणि सर्वज्ञ असतो.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट निवेदनाच्या दिशेची आहे. शोध घेणारा स्वतःपासून सुरुवात करतो. वडील, आजोबा, पणजोबा असा तो मागे जातो आणि प्रत्येक पायरीवर त्याचा आधार अधिक विरळ होत जातो. लिहिताना मात्र तो मूळपुरुषापासून खाली येतो. शोधाची दिशा आणि निवेदनाची दिशा अशा परस्परविरुद्ध असल्यामुळे, शोधात जे सर्वांत अनिश्चित होते तेच संहितेत सर्वांत ठाम होऊन बसते. मूळपुरुष हा वस्तुतः शेवटचा सापडलेला कागद असतो. कुलवृत्तांत त्याला पहिला माणूस करतो.

२

या रूपाचा उगम कशात आहे? वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करावयास प्रारंभ केला आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. या कार्यामुळे घराघरांतील दप्तरे उजेडात आली आणि कुलवृत्तांताच्या लेखकांना साधनेही मिळाली, प्रतिष्ठाही मिळाली. तथापि या लेखनप्रकाराचा खरा पूर्वज त्याहून जुना आहे. तो म्हणजे करीना.

वतनाचा तंटा उभा राहिला की वादी आणि प्रतिवादी आपापला करीना सादर करीत. आपले वडील या गावी केव्हा आले, वतन कोणी दिले, मधल्या काळात कोण मारले गेले, कोण परागंदा झाले, भाऊबंदांनी काय घात केला, याची ती सविस्तर हकिकत असे. ‘जेधे करीना’ इतिहासाभ्यासकांना परिचित आहे. करीन्यात कथन आहे, पात्रे आहेत, नाट्य आहे. परंतु हे सर्व एका मागणीसाठी आहे. गोतसभेसमोर वा सरकारासमोर आपला हक्क सिद्ध करणे हे त्याचे प्रयोजन. महजराच्या अखेरीस साक्षीदारांच्या निशाण्या येतात. कुणब्याचा नांगर, वाण्याची तागडी, ज्याच्या त्याच्या व्यवसायाचे हत्यार. ज्यांचा स्वतःचा करीना क्वचितच लिहिला गेला, अशी कितीतरी माणसे दुसऱ्याच्या वंशावळीचे साक्षीदार म्हणूनच कागदावर उमटली आहेत.

इंग्रजी अमलात इनाम कमिशनने (१८५२ चा ११ वा कायदा) इनामदारांकडे सनदा आणि वारसाचे पुरावे मागितले, तेव्हा याच परंपरेला कचेरीचे वळण मिळाले. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमालांत जे कौटुंबिक तपशील आज सापडतात, त्यांतील पुष्कळसे असे कोणाच्या तरी चौकशीला दिलेले उत्तर आहे. म्हणजे वंशावळ ही आपल्याकडे निखळ स्मरण म्हणून क्वचितच लिहिली गेली. ती बहुधा कोणाच्या तरी समोर, काहीतरी मागण्यासाठी लिहिलेली कैफियत आहे. विसाव्या शतकातील कुलवृत्तांताने कैफियतीचे हे मूळ पुसले, मागणी वगळली आणि निष्कर्ष तेवढा ठेवला.

लिखित वंशावळीला समांतर अशी मौखिक परंपराही या प्रदेशाला परिचित आहे. कर्नाटकाच्या उत्तर भागात आणि दक्षिण महाराष्ट्रात बैलावरून येणारा हेळवी घरासमोर उभा राहून त्या घराच्या पिढ्या सांगतो आणि धान्य घेऊन पुढे जातो. सोलापुरात मोठ्या संख्येने स्थिरावलेल्या पद्मशाली समाजाचे मूळ तेलंगणात. तेथे कूनपुली कथेकरी चेरियाळची रंगीत पटचित्रे उलगडून मार्कंडेय आणि भावनाऋषी यांच्यापासून विणकरांची उत्पत्ती गातात. हेळवी एका घराचा वंश सांगतो, कूनपुली साऱ्या जातीचा. पण दोघांच्याही बाबतीत वंशावळ हा एक प्रयोग असतो आणि श्रोता, दाता व प्रसंग त्या प्रयोगातच उपस्थित असतात. कोण कोणासाठी बोलतो आहे, हे येथे लपत नाही. छापील कुलवृत्तांताने नेमके हेच लपवले.

३

सोलापूर शहराची घडण पाहता येथील घराण्याचा इतिहास एका भाषेत वा एका लिपीत मावणे कठीण आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा येथे शेजारी नांदतात. जिल्ह्याचा मोठा भाग मुंबई इलाख्यात, अक्कलकोट भोसल्यांच्या संस्थानात, आणि तुळजापूरच्या बाजूला वळले की लगेच निजामाची हद्द. त्यामुळे दोन पिढ्यांपूर्वी चार-सहा कोसांवर सोयरीक झालेल्या कुटुंबाचेही कागद तीन वेगवेगळ्या राजवटींच्या दप्तरांत विखुरलेले असू शकतात. काही मोडीत, काही कन्नडात, काही उर्दूत.

१८७७ मध्ये सुरू झालेली येथील पहिली कापडगिरणी आणि त्यापूर्वीपासूनचा हातमाग यांनी दूरदूरची माणसे शहरात आणली. तेलुगू कुटुंबात ‘इंटि पेरु’ म्हणजे घराचे नाव आधी आणि व्यक्तीचे नाव नंतर. मराठी शाळेच्या दाखल्यात हा क्रम उलटतो, मधे वडिलांचे नाव येते आणि तेलुगू स्वरान्त उच्चार मराठी कारकुनाच्या कानाप्रमाणे लिहिले जातात. आजोबा आणि नातू यांची नावे एकाच आडनावाखाली लागत नाहीत, याचे कारण कुटुंबाची विस्मृती नसून नोंदवहीचे व्याकरण हे असते.

याहून कठोर उदाहरण सेटलमेंटचे. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यास लागू झाला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड अशा जमातींची वसाहत उभी राहिली. नोंदणी, बोटांचे ठसे, ठराविक वेळची हजेरी आणि गिरणीतील काम असे तेथील आयुष्य होते. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला. या कुटुंबांच्या वंशजाने दप्तरांत शोध घेतला, तर त्याचा पणजोबा त्याला बहुधा आरोपीसारखा नोंदलेला भेटेल. नाव, वय, शरीरावरील खूण आणि जमात. कुलवृत्तांताच्या साच्यात ही सामग्री ओतणे म्हणजे पोलिसांच्या नजरेने आपल्या पूर्वजाकडे पाहणे होय. आणि ही सामग्री टाकून द्यावी, तर दुसरा कागदच नाही. लेखनप्रकाराने निर्माण केलेला हा पेच केवळ अधिक संशोधनाने सुटणारा नाही; तो वाचनपद्धतीचा पेच आहे.

४

मराठी साहित्याने या पेचाला दिलेले सर्वांत समर्थ उत्तर याच जिल्ह्यातून आले, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. अक्कलकोट तालुक्यातील हन्नूर येथे जन्मलेल्या शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. दलित आत्मकथन म्हणून त्याची चर्चा विपुल झाली. जातीय शोषण, भूक, भाषेचा रांगडेपणा, प्रामाणिकपणा हे त्या चर्चेचे मुद्दे होते. परंतु या पुस्तकाचे एक वाचन कुलवृत्तांताचा प्रतिवाद म्हणूनही करता येते.

शीर्षकापासूनच पाहावे. तोळ्याचे मासे बारा. अकरा म्हणजे उणे. वंशशुद्धी मोजण्याचे माप येथे सोनाराच्या तराजूतून आले आहे आणि निवेदक ते माप नाकारण्याऐवजी स्वतःच्या नावासारखे मिरवतो. दलित आई आणि उच्चजातीय पाटील बाप यांचा हा मुलगा. शाळेत नाव घालताना बापाच्या नावाची जागा कशी भरावयाची, हा त्याच्या आयुष्यातील पहिला संहितात्मक प्रश्न आहे. कुलवृत्तांत ज्या रकान्यापासून सुरू होतो तोच रकाना येथे प्रश्नचिन्ह होतो. घरात संतामाय ही आजी आहे, मसामाय ही आई आहे आणि आजीसोबत राहणारा मुसलमान दादा आहे. गोत्र, कुलस्वामी, मूळपुरुष या त्रयीपैकी काहीही या घराला लागू पडत नाही. तरीही हे घर आहे, येथे माया आहे, पोसणे आहे, स्मरण आहे. म्हणजे वंशाच्या व्याख्येत न बसणारे कुटुंब हेही कुटुंबच असते, हा या पुस्तकाचा सैद्धांतिक निष्कर्ष आहे, जरी लेखकाने तो सिद्धांताच्या भाषेत मांडलेला नसला.

त्याहून लक्षणीय म्हणजे ‘अक्करमाशी’ शोधाची दिशा उलटी करीत नाही. निवेदक स्वतःपासून सुरू होतो आणि मागे जाताना जेथे वाट बुजते तेथे ती बुजली असे दाखवतो. अनिश्चिततेला तो ठामपणाचे कपडे चढवत नाही. या एका बाबतीत हे आत्मकथन आपल्या पुष्कळ कुलवृत्तांतांपेक्षा इतिहासलेखनाच्या शिस्तीला अधिक जवळचे आहे.

या वाचनावर एक आक्षेप संभवतो. कुलवृत्तांत हे कोशसदृश साधन आहे; त्याच्याकडून आत्मकथनाच्या प्रांजळपणाची अपेक्षा करणे अन्यायाचे नाही काय? आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. अनेक कुलवृत्तांतकारांनी वर्षानुवर्षे गावोगाव हिंडून जे जमविले, ते त्यांनी जमविले नसते तर नष्ट झाले असते. पण कोशालाही आधार सांगावा लागतो. नोंद कोठून आली हे न सांगणारा कोश वाचकाकडून श्रद्धा मागतो, आणि श्रद्धेवर उभी राहिलेली वंशावळ लवकरच प्रमाणपत्र होते.

५

प्रमाणपत्राचा हा संदर्भ आज अक्षरशः खरा झाला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. मराठवाड्यातील निजामकालीन दस्तऐवजांत मराठा कुटुंबांच्या कुणबी नोंदी शोधण्याचे काम तिच्याकडे होते. पुढे तिची व्याप्ती राज्यभर झाली. महसूल, शाळा, पोलिस, तुरुंग, जन्ममृत्यू अशी नाना खात्यांची दप्तरे उघडली गेली. गाव नमुना चौदा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, हा शब्द घराघरांत पोहोचला. मोडी वाचणाऱ्याला एकाएकी मागणी आली, आणि सापडलेल्या नोंदी अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. आरक्षणाच्या प्रश्नाचा न्यायनिवाडा हा या लेखाचा विषय नाही. लेखनप्रकाराच्या दृष्टीने पाहता मात्र करीना परत आला आहे, एवढे स्पष्ट दिसते. जुन्या नोंदीत बऱ्याचदा नाव आणि जात असते, आडनाव नसते. त्या नावापासून आजच्या अर्जदारापर्यंतची वाट वंशावळीच्या प्रतिज्ञापत्राने जोडावी लागते. कथन पुन्हा एकदा हक्काच्या सेवेत उभे आहे.

संगणकावरील साधनांनी शोध सुकर केला, यात शंका नाही. ‘आपले अभिलेख’वर जुने फेरफार आणि सातबारा उतारे घरबसल्या पाहता येतात, १८८४ चे सोलापूर गॅझेटियर कोणालाही उघडता येते, हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे सूक्ष्मपट अमेरिकेतील युटा येथील वंशावळी संस्थेने तयार करविले. परंतु पडद्यावर येणारे पान हे रुमालातून सुटे झालेले पान असते. त्याच्या आधीचा अर्ज आणि नंतरचा हुकूम शेजारी नसतो. शिवाय यंत्र नाव विचारते, तेही बहुधा आडनावासह. ज्यांचे आडनाव बदलले, उलटले किंवा मुळात नव्हतेच, ते शोधाच्या चौकटीत येत नाहीत. कुलवृत्तांताचे जुने गृहीतक अशा रीतीने यंत्राच्या रचनेत शिरले आहे.

फेरफाराची वही या संदर्भात बारकाईने वाचण्यासारखी आहे. वारसनोंदीत विधवा आणि मुली नावानिशी येतात, आणि १९९४ च्या राज्याच्या व २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने मुलींच्या हक्काला बळ आल्यावर तर त्यांना वगळणे कठीण झाले. मात्र अशा कितीतरी नोंदींच्या पाठोपाठ हक्कसोडपत्राची नोंद येते. मुलगी कुटुंबाच्या लिखित इतिहासात येते ती आपला वाटा सोडण्यासाठी. कुलवृत्तांतात न दिसणारी ही दोन वाक्ये एकत्र वाचली, तर त्या घराचा इतिहास वंशवृक्षापेक्षा अधिक कळतो.

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत व्यक्तीच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. ‘अक्करमाशी’ने चाळीस वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाला दप्तराने दिलेले हे उशिराचे आणि अपुरे उत्तर आहे. अपुरे यासाठी की रकाना वाढला तरी रकान्यांचा हट्ट तसाच आहे. बाप ठाऊक नाही, आजी हेच घर, दादाचा धर्म निराळा, असे म्हणण्याची सोय त्यात अद्याप नाही.

ती सोय गद्यात आहे. घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्याने प्रत्येक नोंदीपाशी ती कोणी, कोणासमोर आणि कशासाठी केली हे सांगावे, शोधाची दिशा निवेदनात राखावी आणि जेथे कागद संपतो तेथे मूळपुरुष उभा न करता थांबावे. असे झाल्यास सेटलमेंटच्या हजेरीवहीतील नाव आणि पेशवे दप्तरातील नाव एकाच कसोटीने वाचता येईल. तोपर्यंत आपला कुलवृत्तांत हा ज्यांना वतन होते त्यांचाच करीना राहील, मग तो कागदावर असो वा पडद्यावर.