कुरकुर, तक्रार आणि गाऱ्हाणं



गेल्या खेपेला व्याख्यान संपल्यावर एका गृहस्थांनी आमच्या हातात चिठ्ठी दिली. मुलगा इंग्लंडात असतो, तीन महिने तिकडे राहून ते नुकतेच परतलेत. चिठ्ठीत प्रश्न असा : 'सर, जरा काही बिघडलं की हे ब्रिटिश लोक इतकी रडारड का करतात? गाडीला उशीर झाला की तक्रार, ऊन पडलं की तक्रार, पाऊस आला की तक्रार. ह्यांनी आपल्यावर राज्य केलं तरी कसं?' शेवटच्या वाक्याचं उत्तर द्यायची ही जागा नव्हे. पण पहिला प्रश्न आम्हांला सोडेना, म्हणून आजचा ठरलेला विषय पुढे ढकलला आहे. आयोजकांनी क्षमा करावी.

प्रश्न ह्या गृहस्थांचा एकट्याचा नाही. ऑस्ट्रेलियात जाऊन राहिलेल्या इंग्रजांना तिथले लोक 'व्हिंजिंग पॉम' म्हणतात, म्हणजे कुरकुऱ्या इंग्रज. ब्रिटिश लोक स्वतःही हा आरोप मान्य करतात आणि मान्य करतानाही थोडं कुरकुरतातच. ज्युलियन बॅगिनी नावाच्या तिथल्या तत्त्वज्ञाने २००८ साली तक्रार ह्याच विषयावर एक पुस्तक लिहिलं. जग जसं असायला हवं तसं ते नाही आणि हे आपण स्वीकारणार नाही, ही जाणीव तक्रारीत असते, असं ते म्हणतात. आम्हांला ते पटतं. पण आमची अडचण त्याच्या एक पायरी आधीची आहे. 'ते फार तक्रार करतात' ह्या वाक्यात दोन निरनिराळ्या क्रिया एकाच पोत्यात भरल्या आहेत.

एक अनुभव सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही तिकडे एका विद्यापीठात सहा महिने होतो. एकदा आमची गाडी दोन स्टेशनांच्या मध्येच थांबली ती दीड तास हलेना. समोरच्या गृहस्थांनी वर्तमानपत्रावरून मान वर केली आणि म्हणाले, 'टिपिकल.' डबाभर एक बारीकसं हसू पसरलं. एका बाईंनी बिस्किटांचा पुडा पुढे केला. मग रेल्वे, सरकार, हवामान ह्यांवर वीस-पंचवीस मिनिटं फार छान गप्पा झाल्या. ह्या अवधीत गाडीचा गार्ड दोनदा आमच्या शेजारून गेला. त्याला कोणी एक अक्षर विचारलं नाही! शेवटी आम्हीच विचारलं, तर सगळा डबा खिडकीबाहेर पाहू लागला, जणू आम्ही चारचौघांत पायांतले मोजे काढले होते. (हशा) गार्ड बिचारा दहादा 'सॉरी' म्हणाला; त्यालाही कोणी काही कळवलेलं नव्हतं. उतरल्यावर भरपाईचे फॉर्म खिडकीवर ठेवलेले दिसले. आमच्या डब्यातल्या कोणी ते घेतल्याचं आम्ही तरी पाहिलं नाही.

डब्यात जे झालं त्याला आम्ही कुरकुर म्हणू. कुरकुर बरोबरीच्यांत होते. तिला उत्तर नको असतं, सोबत हवी असते. त्या देशात अनोळखी माणसाशी बोलायला निमित्त लागतं आणि बिघडलेली गोष्ट हे सगळ्यात निर्धोक निमित्त. त्या अर्थाने कुरकुर हा स्नेहाचाच प्रकार आहे आणि आम्ही तिला नावं ठेवणार नाही.

तक्रार वेगळी. ती अमुक एकाकडे करायची असते, आणि तो उत्तर द्यायला बांधील असतो. ऑक्सफर्डच्या जे. एल. ऑस्टिन ह्यांनी दाखवून दिलं की बोलणं ही नुसती माहिती देणं नसते, ती एक कृती असते, आणि समोरच्याने ती कृती म्हणून घेतली तरच ती पुरी होते. पैज लावली, पण समोरच्याने घेतलीच नाही, तर पैज लागलीच नाही. तक्रारीचंही तेच. आणि पी. एफ. स्ट्रॉसन ह्यांनी १९६२ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात रोषाविषयी जे म्हटलं आहे ते इथे जोडून घ्या : आपण कोणावर रागावतो तेव्हा त्याला जबाबदार माणूस मानत असतो. दगडावर कोणी रुसत नाही. म्हणजे तक्रार करणारा एका परीने समोरच्याचा मानच राखत असतो.

आपल्याकडे ह्यासाठी एक फार चांगला शब्द आहे. कोकणात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालतात. एक जण पुढे होऊन गावाचं काय अडलंय ते एकेक करून सांगतो आणि प्रत्येक वाक्याला मागचे सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. देव काय करील ते देवाला ठाऊक. पण हे तुझं एकट्याचं नाही, हे आम्ही सर्वांनी ऐकलं आहे, एवढं तिथल्या तिथे पक्कं होतं. हा 'व्हय म्हाराजा' आज ध्यानात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता ब्रिटिशांनी खरोखर तक्रार केली तेव्हा काय झालं ते पाहू. उदाहरण त्यांच्या पोस्टाचं. तिथे गावोगावची बरीचशी पोस्ट ऑफिसं खाजगी दुकानदार करारावर चालवतात. त्यांना सब-पोस्टमास्टर म्हणतात. १९९९ पासून त्यांच्या काउंटरवर 'होरायझन' नावाची संगणकप्रणाली बसवली गेली. फुजित्सू कंपनीची. थोड्याच दिवसांत हिशेबात नसलेली तूट दिसू लागली. करारानुसार तूट सब-पोस्टमास्टरने भरायची. लोकांनी खिशातून भरली, घरं गहाण टाकून भरली. हॅम्पशरमधल्या जो हॅमिल्टन ह्यांनी मदतीच्या फोनवर विचारून सांगितलं तसं केलं, तर डोळ्यांदेखत तुटीचा आकडा दुप्पट झाला. पोस्टाला स्वतः खटले भरता येत होते. ते त्याने भरले. चोरी, खोटे हिशेब, फसवणूक. पोस्टाचे आणि इतर यंत्रणांचे खटले मिळून नऊशेहून अधिक जणांना दोषी ठरवलं गेलं. सरेमध्ये पोस्ट चालवणाऱ्या, मूळच्या भारतीय सीमा मिश्रा ह्यांना नोव्हेंबर २०१० मध्ये पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या गरोदर होत्या, आणि थोरल्या मुलाचा त्या दिवशी दहावा वाढदिवस होता.

ह्या माणसांनी तक्रार केली नव्हती का? केली होती. फोन केले, पत्रं लिहिली. त्यांतल्या कितीतरी जणांना एकच उत्तर मिळालं : ही अडचण फक्त तुमच्याकडेच येते आहे.

हे वाक्य नीट ऐका. 'तुम्ही खोटं बोलता' असं कोणी म्हटलं नाही. 'तुम्ही एकटे आहात' एवढंच म्हटलं. शेकडो माणसं, शेकडो गावं, आणि प्रत्येकाला आपण एकटेच असल्याची खात्री. गाऱ्हाण्याच्या नेमकी उलटी रचना! माणूस पुढे उभा आहे, बोलतो आहे, आणि मागचे 'व्हय' म्हणणारे सगळे एकेका खोलीत कोंडलेले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतो ना आपण, तो इथे तोंड न दाबताही देता आला.

त्यात कायद्याची भर पडली. संगणकाचा पुरावा देताना ते यंत्र ठीक चालत होतं हे आधी दाखवावं लागे, अशी तरतूद इंग्लंडच्या १९८४ च्या कायद्यात होती. १९९९ मध्ये ती काढून टाकण्यात आली. मग यंत्र बरोबरच आहे असं गृहीत धरायचं आणि ते चुकलं असं म्हणणाऱ्याने दाखवायचं. आता खेड्यातला दुकानदार कुठून दाखवणार? यंत्राच्या नोंदी तर पोस्टाच्या आणि कंपनीच्या ताब्यात! मिरांडा फ्रिकर ह्यांनी २००७ साली ज्ञानव्यवहारातल्या अन्यायाविषयी लिहिलं. पूर्वग्रहामुळे एखाद्याच्या शब्दाला त्याच्या हक्काची पत मिळत नाही, तो त्यांतला एक अन्याय. वांशिक पूर्वग्रहाचा भाग इथेही होता. संशयितांची कालबाह्य वांशिक वर्णनं करणारा एक कागद पोस्टाचे तपासनीस वापरत होते हे २०२३ मध्ये बाहेर आलं. पण आम्हांला फ्रिकर ह्यांच्या मांडणीत थोडी भर घालावीशी वाटते. इथे माणसाची पत घटली ती मुख्यतः यंत्राची पत वाढवून ठेवल्यामुळे.

लँडड्नोमध्ये पोस्ट चालवणारे ॲलन बेट्स पहिल्यापासून अडून बसले. २००३ मध्ये त्यांचा करार संपवण्यात आला. ते हाताबाहेरचे गृहस्थ होते अशा अर्थाचा शेरा पोस्टाच्या टिपणात सापडला आहे. तक्रारखोर माणसाबद्दल कचेऱ्या जे म्हणतात तेच. २००९ मध्ये 'कॉम्प्युटर वीकली' ह्या नियतकालिकाने सात जणांची हकीकत छापली, आणि त्याच वर्षी वॉरिकशरमधल्या एका खेड्यात बेट्स ह्यांनी पीडितांची बैठक बोलावली. एकमेकांना न ओळखणारी माणसं तिथे एकमेकांची गोष्ट ऐकून म्हणाली, अरे, हे तर माझंच. तो पहिला 'व्हय म्हाराजा'. तक्रारी दहा वर्षं चालू होत्याच. गाऱ्हाणं त्या दिवशी सुरू झालं असं आम्ही म्हणू.

पुढचं भरभर सांगतो. ५५५ जणांनी दावा लावला. डिसेंबर २०१९ मध्ये ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंडांवर तडजोड झाली. खर्च वजा जाता दावेदारांच्या वाट्याला सुमारे १ कोटी २० लाख उरले. त्याच महिन्यात प्रणालीत दोष होते असा निकाल आला. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने एका दिवशी ३९ शिक्षा रद्द केल्या. तरी २०२४ उजाडेपर्यंत रद्द झालेल्या शिक्षांचा आकडा शंभरावर गेला नव्हता.

मग १ जानेवारी २०२४ पासून चार रात्री आयटीव्हीवर 'मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस' ही मालिका दाखवली गेली. ग्वेनेथ ह्यूज ह्यांचं लेखन. बेट्स ह्यांच्या भूमिकेत टोबी जोन्स. देश हादरला. आठवड्याभरात पंतप्रधान सुनक ह्यांनी सरसकट दोषमुक्तीचा कायदा आणू असं जाहीर केलं आणि मे महिन्यात तो झालाही. मालिका उत्तम आहे, आम्ही दोनदा पाहिली. पण पाहताना आम्हांला एक गोष्ट टोचत राहिली. तिचं वजन शांत, मृदू, चहा-केक करणाऱ्या, आवाज न चढवणाऱ्या माणसांवर आहे. ती तशी होतीच, ह्याबद्दल वाद नाही. पण प्रेक्षकाचं मन तिथेच जिंकलं जातं : पाहा, ही माणसं तक्रारखोर नव्हेत! म्हणजे तक्रार ऐकून घ्यायची ती कोणाची, तर जो तक्रार करणारा वाटत नाही त्याची. चिडलेला, आरडाओरडा करणारा, भाषा नीट न येणारा सब-पोस्टमास्टर नायक असता तर चार रात्रींत कायदा झाला असता का? आम्हांला शंका आहे.

कुरकुरीविषयी आमचा खरा आक्षेप इथे येतो. समाज सतत गोडीगुलाबीने कुरकुरत असेल, तर कोणतंही बोलणं कुरकुर म्हणूनच ऐकायची त्याच्या कचेऱ्यांना सवय लागते. १९९२ मध्ये जॉन मेजर ह्यांच्या सरकारने रस्त्यांत उगाच पडून राहिलेल्या शंकूंविषयी कळवायला एक फोननंबर दिला होता. देशाने त्याची इतकी थट्टा केली की १९९५ मध्ये तो बंद झाला. आम्हीही हसलो होतो. पण तक्रार ऐकायची यंत्रणा म्हणजे विनोद, हे त्या हसण्यात आम्ही शिकत होतो.

उलट बाजूही आहे, ती लपवत नाही. कर्जासोबत लोकांच्या गळ्यात मारलेल्या विम्याचं प्रकरण घ्या. २००२ च्या कायद्याने ग्राहकसंस्थांना सर्वांच्या वतीने एकत्र तक्रार करायचा हक्क दिला होता. २००५ मध्ये सिटिझन्स ॲडव्हाइस ह्या संस्थेने तो वापरला, आणि पुढे लोकांना ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम परत मिळाली. त्यात दलाल शिरले, ज्यांनी असा विमा घेतलाच नव्हता त्यांचेही अर्ज आले. त्या गृहस्थांना जो अतिरेक दिसला तो तिथे जरूर होता. पण पैसे बुडाले होते हेही खरं, आणि ते मिळाले ते तक्रार एकवटायची वाट कायद्यातच होती म्हणून. सब-पोस्टमास्टरांना ती वाट स्वतः खणावी लागली. चौकशी समितीच्या जुलै २०२५ च्या अहवालानुसार, ह्या प्रकरणापायी किमान तेरा जणांनी जीव दिला असावा.

यंत्र बरोबरच असतं हे गृहीतक ठेवायचं की नाही, ह्यावर ब्रिटिश सरकारने जानेवारी २०२५ मध्ये लोकांची मतं मागवली. पंचवीस वर्षांनी.

वेळ होत आली. चिठ्ठी देणारे गृहस्थ आज आले असतील तर त्यांना आमचं अजूनही पटलेलं नसेल अशी खात्री आहे, त्यांनी जरूर उठून बोलावं. पण समोरच्या रांगेतल्या बाईंचा हात मघापासून वर आहे. आधी त्या. बोला, बाई.