भरतीची तयारी आणि कानातलं गाणं

समजा, पारशिवनीतला एक पोट्टा पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे १६०० मीटरचा सराव करताना त्याच्या कानात एक सिनेमाचं गाणं असतं. रात्री, जाहिरात कधी निघणार या काळजीने झोप येत नाही, तेव्हाही तेच गाणं. आता त्याला विचारा, ‘कोणतं संगीत आवडतं?’ उत्तर एकच येईल. माझा आक्षेप इथूनच सुरू होतो.

संगीताच्या आवडीवरच्या संशोधनात रेंटफ्रो आणि गॉसलिंग यांची २००३ ची प्रश्नावली खूप वापरली जाते. तिच्यात संगीताचे १४ प्रकार आणि त्यांचे चार गट आहेत. ‘उत्साही आणि रूढ’ या गटात चित्रपटसंगीतही येतं, धार्मिक संगीतही. म्हणजे आपल्याकडचं बरंचसं ऐकणं एकाच खोक्यात! तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनंही तिथेच जाणार. १९४२ च्या आंदोलनात ज्यांना तुरुंगात जावं लागलं, त्यांचं भजन ‘रूढ’ कसं? आणि वामनदादा कर्डकांची भीमगीतं कुठे टाकायची? लोकसंगीतात, धार्मिक संगीतात की बंडखोर गटात? अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर बेतलेलं हे माप नुसतं भाषांतर करून इथे लावता येत नाही.

दुसरी अडचण मोठी आहे. लाझारस आणि फोकमन यांनी १९८४ मध्ये ताण हाताळण्याचे दोन मार्ग सांगितले: अडचणीवरच काम करणं, किंवा तिच्यामुळे उठलेल्या भावना सांभाळणं. आपल्या पोट्ट्याचं पहाटेचं गाणं पहिल्या मार्गातलं, रात्रीचं दुसऱ्या. जाहिरातीची तारीख त्याच्या हातात नाही, त्यामुळे रात्रीच्या गाण्याला ‘पळवाट’ म्हणणंही चूक. जे बदलता येत नाही, तिथे मन सांभाळणं हेही कामच आहे.

सारिकालिओ आणि एर्किला यांनी २००७ मध्ये फिनलंडच्या किशोरांशी बोलून हे जास्त नीट मांडलं. गाणं करमणूक करतं, ताजंतवानं करतं, राग बाहेर काढतं, दिलासा देतं. अभ्यास अगदी छोटा, फक्त आठ जणांचा. पण प्रश्न बरोबर होता: गाणं वापरलं कशासाठी?

म्हणून ‘अमुक संगीत ऐकणारे बेरोजगारी चांगली झेलतात’ असं कुठे वाचलंत, तर जरा थांबा. गाण्यामुळे धीर आला, की धीर असलेल्यांनाच ते गाणं आवडतं, हे एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून कळत नाही.

आणि तुम्ही स्वतः नोकरीच्या शोधात असाल, तर गाण्याचा प्रकार सोडा. गाणं संपल्यावर पुस्तक उघडावंसं वाटतं, की तेच दुःख पुन्हा उगाळावंसं वाटतं, तेवढं बघा.