न लिहिलेले वाचताना

प्राथमिक शाळेतील मराठीच्या पुस्तकात प्रत्येक धड्याखाली स्वाध्याय असतो. अमुक कोठे गेला, तमुकाने काय आणले, असे प्रश्न त्यात आधी येतात. मूल धड्यावरून बोट फिरवते, वाक्य सापडते, उत्तर वहीत उतरते. ह्याला आपण वाचन म्हणतो. परंतु जे छापलेले नाही ते छापलेल्यावरून ताडण्याची जी शक्ती, जिला अनुमान म्हणतात, ती ह्या बोट फिरवण्यातून येत नाही. तिसरी-चौथीतल्या मुलाजवळ ती मुळात नसते असेही नाही. स्वयंपाकघरात भांडी आदळू लागली की आई रागावली आहे, आणि कोणावर, हे त्याला न सांगता कळते. कारण आई त्याच्या परिचयाची आहे. लेखक परिचयाचा नसतो. तो दोन-चार पानांपुरता भेटतो आणि पुढच्या धड्यापाशी दुसराच कोणी उभा असतो.

म्हणूनच एका लेखकाच्या सहवासात मुलांना महिना-दीड महिना ठेवावे, त्याचे लेखन सलग वाचून दाखवावे, हा मार्ग मला ग्राह्य वाटतो. मात्र लेखक कोणता, ह्या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही.

आपल्याकडे पहिले नाव साने गुरुजींचे निघेल. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेली आणि १९३५ साली पुस्तकरूपाने आलेली ‘श्यामची आई’ घरोघरी वाचली गेली. तिच्याविषयी पूर्ण आदर राखूनही म्हणावे लागते की, तिच्यातील एकेक ‘रात्र’ सुटी घेतली तर अनुमानाला जागा फार थोडी उरते. ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम आईला पदर पसरायला लावतो, आणि पायांना जपतोस तसे मनालाही जप, हा अर्थ आईच सांगून टाकते. पोहायला जात नाही म्हणून आई त्याला मारते, पुढे तिचे मन कळवळते, आणि मारण्याचे कारणही तीच समजावते. मुलाने काय ताडायचे? त्याच्यासाठी सारे ताडून ठेवलेले आहे.

पण दहा-पंधरा रात्री ओळीने वाचल्या की चित्र पालटते. सांगणारा श्याम आता मोठा झालेला आहे, आश्रमातील सोबत्यांना तो रोज एक आठवण सांगतो, आणि त्या आठवणींत पुनःपुन्हा त्याचे स्वतःचेच हट्ट, स्वतःचेच अपराध येतात. ह्या माणसाला नेमके हेच का आठवत असावे? ह्याचे उत्तर कोणत्याही एका रात्रीत शोधून सापडणार नाही. ते रात्रींच्या मधल्या मोकळ्या जागेत आहे. इतक्या उघडपणे बोलणाऱ्या लेखकाजवळही न बोललेले काही असते, आणि ते एकाच धड्यावर थांबणाऱ्याला दिसत नाही.

शेजारी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ठेवावीत. काळ जवळजवळ तोच; त्यांचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. रेव्हरंड टिळकांची गीते ओठांवर असणारी आपली कुटुंबे त्यांच्या पत्नीच्या ह्या ग्रंथाकडे मात्र फारशी वळत नाहीत, ही खंत येथे नोंदवतोच. १८५७ च्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली आणि त्यानंतर वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. घरात येईल ते धुऊन घ्यायचे, आणि त्याची झळ सगळ्या घराला. एवढा जाच सोसलेली मुलगी म्हातारपणी तो लिहिते, तो हसत हसत. वडिलांवर तिचा राग होता का? ती सांगत नाही. मग मुलांना विचारावे: कशावरून वाटते? एक म्हणेल राग असावा, दुसरा म्हणेल कीव, तिसरा म्हणेल भीती. आणि प्रत्येकाला पुस्तकातील जागा दाखवावी लागेल. ‘कशावरून’ हा एकच शब्द अनुमानाला निव्वळ कल्पनेपासून वेगळे करतो. पुढे १८९५ साली पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर, त्यांच्याकडे परत येऊनही ही बाई प्रथम आपले सोवळे सांभाळूनच राहते. वडिलांच्या प्रसंगाला हसलेल्या मुलाला येथे हसू आवरते घ्यावे लागते. हसवणारीला स्वतःलाही त्या वेडातून वाट काढावी लागली, हे दोन प्रकरणे जोडल्यावाचून कळत नाही. माझ्या मते सुरुवात लक्ष्मीबाईंपासून करावी. अर्थात संपूर्ण ग्रंथ नव्हे, लहानपणाची व घर बदलल्याची निवडक प्रकरणे मोठ्याने वाचावीत.

हीच दृष्टी रविवारच्या धर्मशिक्षणातही हवी. नाताळच्या गोठ्यात आपली मुले मेंढपाळ आणि तीन राजे शेजारी शेजारी मांडतात. त्यांना दाखवून द्यावे की मेंढपाळ केवळ लूक आणतो आणि पूर्वेकडचे ज्ञानी केवळ मत्तय; त्यांची संख्या तीन असल्याचे तर मत्तयही म्हणत नाही. मग लूकचेच शुभवर्तमान धरून बसावे. दयाळू शोमरोनी, उधळ्या पुत्र, श्रीमंताच्या दाराशी पडलेला लाजरस, झाडावर चढलेला जक्कय: ह्या कथा इतर शुभवर्तमानांत नाहीत. हा लेखक कोणाच्या बाजूने उभा असतो, हे चार रविवारांत दहा वर्षांचे मूल ओळखू शकते, आणि त्याने स्वतः ओळखलेले ते प्रवचनात ऐकलेल्यापेक्षा अधिक टिकते.

आपली अडचण अशी की कथेखाली ‘बोध’ छापल्यावाचून आपल्याला स्वस्थता लाभत नाही. मुलाला चुकीचे काही वाटेल ही धास्ती मी समजू शकतो. धर्मगुरूंनाही ती असते. परंतु अर्थ नेहमी दुसऱ्यानेच सांगायचा अशी सवय लागलेला मुलगा मोठेपणी वर्तमानपत्रही तसेच वाचतो आणि पुढाऱ्यांची भाषणेही तशीच ऐकतो. लूकला ही धास्ती नव्हती. उधळ्या पुत्राच्या कथेत थोरला भाऊ अंगणात रुसून उभा आहे, आत मेजवानी चालू आहे, बाप बाहेर येऊन त्याची मनधरणी करतो, आणि कथा तेथेच थांबते. तो आत गेला की नाही, हे लूकने लिहिलेले नाही. वर्गात हा प्रश्न टाकावा, ‘कशावरून’ असे विचारावे, आणि शिक्षकाने थोडा वेळ गप्प बसावे.